"दूध पुरत नाही" हा निकाल लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी बाळंतपणाला कळव्याला आमच्याकडे आलीये आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, दूध पुरतंय ना गं? बाळ जरा रडलं की लगेच निकाल, पुरत नाही वाटतं, वरचं सुरू करा. बोलणारी माणसं मायेचीच आहेत, पण टाके ओले असलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या पोरीला हे ऐकवलं की ती खचते आणि टेन्शनने पान्हा अडतो तो वेगळाच.

अहो, पहिले दोन-तीन दिवस जो पिवळसर चीक येतो तो थोडाच येतो आणि बाळाला लागतोही थोडाच, पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमचा म्हणजे पोट भरलं. दूध भरून येतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियन असेल तर कधी अजून उशिरा. तोवर वजन थोडं उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं. आणि २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं असतं, त्यात संध्याकाळी तर कितीतरी बाळं अंगाला चिकटूनच राहतात आणि पाहुणे पण तेव्हाच येतात, मग सगळ्यांना वाटतं बाळ उपाशी आहे. या गडबडीत बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, आणि मग खरंच पुरत नाही.

रडण्यावरून ठरवू नका, शू मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय म्हणजे पुरतंय. शू कमी झाली, बाळ सुस्त पडलंय, प्यायला उठतच नाही, अंग-डोळे पिवळे दिसतायत तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. त्यांनी वजन बघून वरचं दूध सांगितलं तर जरूर द्या, त्यात आईचा काही कमीपणा नाही.

माझा राग आहे तो हॉस्पिटलवर. पहिल्याच रात्री न विचारता पावडरच्या दुधाची बाटली हातात दिली. बाळाला नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात यायला हवा, हे दुसऱ्या दिवशी एका वयस्कर सिस्टरनी पाच मिनिटांत दाखवलं, आणि मग मुलीचं दुखणं बरंच कमी झालं. पावडरच्या दुधाची जाहिरात करायची नाही, आईला फुकट सॅम्पल द्यायचं नाही असा कायदा १९९२ पासून आहे, तरी बाटली इतकी सहज कशी पुढे येते?

ठाणे-नवी मुंबईतल्या प्रसूतिगृहांना विनंती, डिस्चार्जच्या आधी कसं पाजायचं हे जवळ बसून दाखवा आणि घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत बाळाला वजनाला बोलवा. आणि भेटायला येणाऱ्यांनो, बाळाला मध चाटवायचा आग्रह नको, वर्षाच्या आत तो धोक्याचा असतो. पाणी आणि गुटीही सहा महिने नकोच. यायचं तर बाळंतिणीसाठी गरम वरणभाताचा डबा घेऊन या.

एक आजी, कळवा (ठाणे)