पहिल्या शिफ्टचे पासवाले

संपादक साहेब, नमस्कार.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो, तेव्हा दरवर्षी पेपरात येतं की भरपूर पाणी प्या, शुगर-बीपी तपासा. बरोबरच आहे, पण ज्यांची किडनी गेलीच त्यांचं काय? मला दिवसाला एक लिटर, त्यात चहा-आमटी सगळं आलं. नारळपाणी तर बंदच, आणि पाहुणे नेमकं शहाळंच घेऊन येतात.

मी एसटीत कंडक्टर होतो. चार वर्षं झाली डायलिसिसला, सोम-बुध-शुक्र, चार-चार तास, सकाळची पहिली शिफ्ट. महात्मा फुले योजनेतून होतं म्हणून निभावतंय. सुरवातीला भिंतीकडं तोंड करून पडायचो. शेजारच्या बेडवर एक मावशी, भाजी विकायच्या, त्यांनी तिसऱ्या दिवशी माझा हात ओढून स्वतःच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून हातात तयार केलेल्या शिरेवर, ठेवला, आत शीर कशी थरथरते ते दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा, गाडी चालू हाय अजून. रोज उठल्या उठल्या आपल्या हाताला हात लावून बघायचं." तेव्हापासून देवाला नमस्कार नंतर, आधी हे.

आम्ही सहा जण म्हणजे पहिल्या गाडीचे पासवाले, सीट ठरलेली. कुणाचं वजन अंगात पाणी साठून तीन किलो वाढून आलं की सगळे ओळखतात, काल लग्न होतं. शेवटच्या तासाला माझ्या पायात गोळा येतो, मी कण्हायच्या आधी पलीकडचा पोरगा सिस्टरला हाक मारतो. घरचे जीव लावतात, नाही असं नाही, पण ही तहान त्यांना सांगून कळत नाही, इथं सांगावी लागत नाही. पावसाळ्यात आमच्यातले गुरुजी गेले. त्यांच्या बेडवर नवा माणूस आला तेव्हा सगळे गप्प, मावशींनी नुसतं विचारलं, गाव कुठलं तुमचं.

आता सेंटरनं न सांगता शिफ्ट बदलल्या, आम्ही सगळे पांगलो. मशीनचा काहीतरी हिशोब असेल, मान्य. एसटीतही ड्युटी बदलायची, पण आदल्या दिवशी बोर्डावर लागायची. आम्हालाही आधी विचारा, कोण कुणाबरोबर आहे तेही बघा, एवढंच म्हणणं आहे.

मावशी आता दुसऱ्या शिफ्टला. त्या अर्धा तास लवकर येऊन माझ्याजवळ स्टुलावर बसतात. सुया निघाल्यावर मी दहा मिनिटं कापूस दाबून धरतो, तेवढ्यात आमचं बोलून होतं.

— एक डायलिसिस पेशंट, कराड