फळीला वाट कुठंय?

प्रिय मित्रा,

तुझ्या वर्कशॉपच्या नकाशाचा फोटो मिळाला, दोन-तीनदा झूम करून बघितला. उत्तराला उशीर झाला कारण काय लिहावं तेच कळेना. तू १० बाय १४ च्या खोलीत टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत), उभं ड्रिल, ग्राइंडर, बेंच सगळं भिंतींना चिकटवून मस्त चौकोन काढलेत आणि मधे 'मोकळी जागा' असं लिहून ठेवलंयस, दिसायला झकास दिसतंय, पण लेका मीही अगदी अस्साच काढला होता आणि नंतर पस्तावलो, म्हणून लिहितोय. रागावू नकोस.

तू मशिनं काढलीस. फळी काढायची राहिली.

बघ ना, ८ फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट लागतात आणि पलीकडे ८ फूट. मशीन एवढंसं, पण फळीची वाट १६ फुटांची, आणि तुझी खोली लांबीला १४. माझं सॉ पुढच्या भिंतीपासून ४ फुटांवर होतं, वर मी शहाण्यासारखं ते जमिनीत बोल्ट मारून फिक्स केलेलं. पहिलीच ६ फुटी फळी घातली, निम्म्याच्या वर चिरून झाली आणि टोक खाड्कन भिंतीला टेकलं! पातं फिरतंय, दोन्ही हात फळीवर, पुढे ढकलता येईना आणि चालू पात्यावरून मागे ओढायची हिंमत होईना, कारण तशी ओढली की पातं फळी धरतं आणि ती उसळून अंगावर येते. नशीब स्विच खाली होता, गुडघ्याने दाबला. पातं थांबेपर्यंत चिरेच्या कडेला काळा पट्टा उठलेला, करपल्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत खोलीत होता. ती फळी अजून ठेवलीय मी, फेकवत नाही.

आता सॉला लॉकवाली चाकं लावलीत. लांब माल असला की मशीन दाराच्या रेषेत फिरवतो, दार सताड उघडतो, फळीचं तोंड बाहेर जातं. तुझं दार आखूड भिंतीत आहे ना, मग तर प्रश्नच मिटला, खोलीची पूर्ण लांबी आणि वर बाहेरची जागा. फक्त तेवढ्यात बाहेरून कोणी आत येत नाहीये ना ते बघ, आणि पात्याच्या अगदी मागे उभा राहू नकोस, जरा बाजूला.

बेंच मात्र भिंतीपासून सोडव. ते सॉच्या पुढे ठेवलंस आणि उंची सॉच्या टेबलापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी धरलीस की चिरून बाहेर आलेला माल आपोआप बेंचवर सरकतो, वेगळं स्टँड नको. सूतभर कमी का, तर जास्त झाली की फळी अडते. अर्थात तू हाताने रंधा खूप मारणार असशील तर ही उंची तुला चालेल का ते आधी बघ. सरळ उभा राहा, हात खाली सोड, तळवा जमिनीला समांतर कर, तळवा जिथे येतो तिथपर्यंत बेंच. माझं पहिलं बेंच ३६ इंची होतं, रंधा मारून खांदे भरून यायचे, शेवटी पाय २ इंच कापले आणि मग सॉलाही खाली घेणं आलं.

ड्रिल भिंतीला खुशाल चिकटव, त्याला मागे काही लागत नाही, डावी-उजवीकडे लागतं. तू ते कोपऱ्यात कोंबलंयस, तिथे ४ फुटी पट्टीच्या मधोमध भोक पाडून दाखव बरं. ग्राइंडर तिथे जाऊदे. पण भुशापासून लांब हां, ठिणग्या उडतात. आणि जवसाचं तेल पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही, आपोआप तापून पेटते, पसरून वाळत घाल.

वायरिंग भिंत रंगवायच्या आधी कर. सॉकेट जमिनीपासून ४ फुटांच्या वर घे, म्हणजे ८ बाय ४ चा प्लाय आडवा टेकवून ठेवला तरी झाकले जाणार नाहीत, माझे दोन झाकलेत आणि मी एक्स्टेन्शन ओढत फिरतो, दिवसातून एकदा तरी पाय अडकतोच. सॉ आणि भुसा ओढायचं मशीन एकदमच चालतात, त्यामुळे दोघांना वेगवेगळ्या लाईन, आणि लाईटची तिसरी. एकाच लाईनवर घेतलंस आणि एमसीबी पडला तर पातं थांबायच्या आधी खोलीत अंधार, कल्पना कर.

तर आता नकाशा परत काढ. ग्राफ पेपरवर मशिनांचे तुकडे कापलेसच, तसेच एक ८ फुटी फळीचा आणि एक अख्ख्या प्लायचा कापून घे आणि ते प्रत्येक मशीनमधून सरकवून बघ, कुठे आपटतात. मग जमिनीवर मास्किंग टेप लाव आणि हातात खरी फळी घेऊन दोन दिवस त्या टेपमधून फीर. घरचे हसतील, हसूदेत. टेपचा फोटो पाठव.

आणि हो, सॉ मागवायच्या आधी दार मोजलंस का? चौकटीच्या आतून मोज.

तुझाच,
पाय कापलेल्या बेंचवाला