चि. अजितला, पहिल्या उडीच्या आधी

चि. अजित यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा तू फोन ठेवलास आणि तुझी आई तडक गोठ्यात गेली. रात्री जेवली नाही. पॅराला, म्हणजे विमानातून उड्या घेणाऱ्या पलटणीला, नाव दिलंस हे तिला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, आत्याकडून नव्हे. पण ते तुम्हा मायलेकांचं आहे, मी मध्ये पडत नाही. मला विचारायचं होतं ते फोनवर राहूनच गेलं. आग्र्याला मलपुऱ्याला जिथं उड्या घेतात ती जमीन कशी आहे? भुसभुशीत आहे की कडक माळ?

मणिपूरला पोस्टिंग असताना मी सांगशाकला जाऊन आलोय, तुला सांगितलं असेलच. 1944 च्या मार्चमध्ये तिथं 50 पॅरा ब्रिगेड आणि आपल्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण एकाच टेकडीवर लढली. जपान्यांना त्यांनी अडवून धरलं म्हणून इंफाळ-कोहिमाला तयारीला दिवस मिळाले. पुढं तर आपली एक पलटण अख्खीच पॅरात गेली. त्यामुळं तू आपलं घर सोडून परक्याकडं चाललास असं मला अजिबात वाटत नाही. वाटते ती काळजी वेगळी. त्या टेकडीवर पोरांनी मोर्चे खोदायला घेतले तर तीन फुटांवर खडक लागला. काटेरी तार नाही, पाणी नाही. विमानातून टाकलेलं सामान बहुतेक शत्रूच्या हद्दीत पडलं, कारण तळ एवढासा. मी तिथं कडेला बुटाची टाच मारून बघितली होती. दगडच.

त्याच महिन्यातली दुसरी हकीकत युनिटच्या लायब्ररीत वाचली होती. तुझा फोन आल्यापासून तीच डोक्यात आहे. 5 मार्चच्या संध्याकाळी आसामात सिलचरजवळच्या लालाघाटहून विंगेट नावाच्या इंग्रज जनरलच्या चिंडिट फौजेचे शिपाई ग्लायडरमध्ये बसून ब्रह्मदेशात, जपान्यांच्या पाठीमागं उतरायला निघाले. बहुतेक इंग्रज, लिव्हरपूलच्या किंग्ज रेजिमेंटची पोरं. ग्लायडरला इंजिन नसतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, खाली प्लायवूड. डाकोटा विमानाच्या मागं नायलॉनच्या दोरानं बांधायचा, आणि त्या रात्री तर एकेका डाकोटामागं दोन-दोन. आत माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. पाठीवर पॅराशूट नाही. कापड वाऱ्यानं ढोलासारखं वाजतं, शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, कुणी ना कुणी ओकलेलं असतं. मग दोर सुटतो आणि एकदम सामसूम. तिथून पुढं पायलटला उतरायचंच असतं, परत वर चढायची सोय नाही.

निघायच्या थोडं आधी विमानातून काढलेले फोटो आले. उतरायच्या दोन जागांपैकी पिकॅडिली नावाच्या जागेवर सागाचे ओंडके आडवे पडलेले दिसले, म्हणून सगळ्यांना दुसऱ्या जागेकडं, ब्रॉडवेकडं वळवलं. ब्रॉडवे फोटोत साफ दिसत होतं. पण गवताच्या खाली ओंडके ओढून ओढून पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. पहिल्याच ग्लायडरांची चाकं निखळली. ते बाजूला ओढेपर्यंत मागचे येऊन त्यांच्यावर आदळले. त्याआधी वाटेत किती तरी दोर तुटले होते ते वेगळंच. जवळपास तीस माणसं गेली, आणि ती एक गोळीही न झाडता.

बघ, पुन्हा तिथंच आलो. वरून सगळं हिरवंगार आणि सपाट दिसतं रे. उतरताना नजर समोर ठेव, पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकवलेले, हनुवटी छातीला. हात पुढं टेकायला जाऊ नकोस, मनगट जातं. वारा कुठून आहे ते आधी बघ. रिझर्व्ह पॅराशूटची तपासणी दुसऱ्यावर सोडू नकोस. हसतोयस ना? शिकवायला तिथं उस्ताद आहेत आणि मी जन्मात कधी उडी घेतलेली नाही. राहवत नाही म्हणून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. डाव्या गुडघ्याचं मेडिकलला सांगितलंस का, हे मी विचारत नाही.

तू सात वर्षांचा असताना आजीच्या लुगड्याची चार टोकं धरून कडब्याच्या गंजीवरून उडी मारली होतीस. खाली भुसा पसरला होता, तुला वाटलं मऊ आहे. त्या भुशात दावणीचा खुंटा होता. हनुवटीला टाके पडले तेव्हा तू रडला नाहीस, दवाखान्यात मला म्हणालास, "आप्पा, लुगडं फुगलं होतं, बघितलंत का?" मी बघितलं होतं. अर्ध्या क्षणासाठी खरंच फुगलं होतं.

आई म्हणते, भत्त्यासाठी गेला असेल. मी तिला सांगितलं, आपला अजित तसा नाही. अमेरिकेच्या ग्लायडरवाल्यांना तर 1944 च्या उन्हाळ्यापर्यंत पॅराशूटवाल्यांसारखा भत्ताच नव्हता. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, पलटणीला हुकूम आला आणि बसले. तुला विचारलं आणि तू एक पाऊल पुढं आलास. हे मी गावात सांगत फिरत नाही, पण काल पारावर तीन जणांना सांगितलं.

आणि ब्रॉडवेचं पुढचं सांगायचं राहिलं. कॅल्व्हर्ट नावाच्या ब्रिगेडियरनं रात्री "सोया लिंक" असा निरोप पाठवला, म्हणजे बाकीचे थांबवा. सकाळी उजेडात मोजदाद केली आणि "पोर्क सॉसेज" कळवलं, म्हणजे पाठवा. रात्रभर जखमी ओढून काढलेली तीच माणसं दिवसभर त्या चाकोऱ्या बुजवत राहिली. अमेरिकन इंजिनिअर होते, छोटं बुलडोझर होतं. संध्याकाळी तिथंच डाकोटा उतरायला लागली. आठवडाभरात ब्रह्मदेशात सुमारे 9,000 माणसं पोचली. मला वाटतं, तू त्या माणसांत बसशील. हे आईला वाचून दाखवताना माझा आवाज नीट राहिला नाही, म्हणून ती उठून गेली.

कोर्सच्या पाच उड्यांतली एक रात्रीची असते ना? तिची तारीख कळव. आईला सांगू नको म्हणालास तर नाही सांगणार. काळोखात खालची जमीन कशी कळते, हे उस्तादांना विचार आणि मलाही लिही.

सोयाबीन विकलं, भाव बरा मिळाला. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर करू. रविवारी फोन करशील तेव्हा आधी आईशी बोल, ती फोन कापेल, तरी परत लाव.

तुझे,
आप्पा