दावण रिकामी करण्याआधी

ति. आई आणि ति. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आबांच्या वर्षश्राद्धाला वाचून दाखवण्यासाठी त्यांच्याविषयी पानभर मजकूर लिहून दे, असे बाबांनी सांगितले होते. तो मजकूर वेगळ्या पाकिटात ठेवला आहे आणि त्यात चारचौघांत वाचण्यासारखे आहे तेवढेच आहे. तो लिहिताना मनात जे येत राहिले ते मात्र तुम्हा दोघांपुरते आहे, म्हणून हे दुसरे पत्र. मी आणि धाकट्याने मिळून ठरवले आहे, की श्राद्ध उरकल्यानंतरच्या गुरुवारी चांदी आणि मोरी या दोन्ही म्हशी थोरल्या घरच्या दादाच्या गोठ्यात जातील. मंगळवारी आणि शुक्रवारी दुभते जनावर दाराबाहेर काढलेले आईला चालणार नाही आणि मार्गशीर्षातले गुरुवारही तिला चालणार नाहीत, म्हणून त्याआधीचाच दिवस धरला आहे. दादाशी बोलणे झाले आहे. किमतीचा शब्द आम्ही काढलेला नाही, ती बाबांनी ठरवायची. बाबा, रागावू नका. निदान पत्र पुरे वाचून होईपर्यंत रागावू नका.

आबा असते तर हे होऊ दिले नसते, असे तुम्ही म्हणाल. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही हेच सविस्तर लिहिते आहे.

गोकुळ दूध संघ निघाला 1963 साली आणि सांगोल्याच्या बाजारातून आबांनी पहिली पंढरपुरी म्हैस आणली तीही त्याच सुमाराला. आपल्या गावात दूध संस्था निघायला पुढे बराच काळ गेला, तोवर ते सायकलीला दोन घागरी बांधून नरसोबाच्या वाडीला बासुंदीवाल्यांकडे दूध घालत. दत्तजयंतीला भाव चढे आणि एरवी बासुंदीवाला देईल तो भाव घ्यावा लागे. म्हणूनच संस्थेत फॅटवर दर मिळतो हे कळल्यावर सर्वांत आधी सभासद झालेल्यांत आबा होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जात असे तेव्हा सचिव बारीक मानेच्या काचेच्या नळीत 10 मिलिलिटर आम्ल, त्यावर 10.75 मिलिलिटर दूध आणि वर थोडे अल्कोहोल घालून ती हलवत. दूध तपकिरी होऊन नळी हाताला चटका देण्याइतकी तापे आणि मग ती यंत्रात गरगर फिरवली की वर पिवळसर थर येई. आबा तो थर डोळ्यांच्या पातळीला धरून स्वतः वाचत. फॅट कमी आली तर त्यांनी नळीला कधी दोष दिला नाही. घरी येऊन ते आधी वैरण पाहत आणि मग धार कोणी काढली ते विचारत, कारण शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते आणि घाईने उठणारा माणूस तीच कासेत ठेवून उठतो.

धार काढण्याची त्यांची पद्धत बाबांना ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण ती मला लिहून ठेवायची आहे. कोमट पाण्याने कास धुऊन कोरडी करायची, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेऊन गाठी पडतात का ते पाहायचे, आणि मग अंगठा दुमडून न ओढता सगळ्या मुठीत सड धरून काढायचे. अंगठा दुमडून ओढणाऱ्याला ते सरळ उठवत, मग तो पाहुणा का असेना. व्यायलेल्या म्हशीचा चीक आधी रेडकाला पोटभर मिळाल्याशिवाय आपल्याला खरवसाची वडी मिळत नसे, आणि मी रडून गोंधळ घातला तरी तो नियम मोडला नाही. मग मला पेंडीच्या पेटीवर बसवून, सगळ्यांच्या आधी, जायफळ जास्त घातलेली वडी तेच देत. आई, तू ते पाहून न पाहिल्यासारखे करायचीस.

घरातल्या गोष्टींच्या तारखा त्यांना वेतांवरून आठवत. बाबा कारखान्यात लागले ते जुन्या चंद्रीच्या तिसऱ्या वेताला आणि माझा जन्म तिच्या लेकीच्या पहिल्या. दर दहा दिवसांनी येणाऱ्या बिलातून शाळेची फी बाजूला पडायची आणि दिवाळीला संस्थेकडून मिळणाऱ्या दरफरकातून दोन्ही आत्यांची लग्ने झाली. पण श्राद्धाच्या मजकुरात मी जे घातले नाही ते असे, की पासबुकावर नाव आबांचे असले तरी शेण काढणे, उसाचे वाडे आणणे, शेणी लावणे हे आजीने आणि नंतर आईने केले, आणि हे आबांना पुरते ठाऊक होते. एका म्हशीचे खाते त्यांनी सुनेच्या नावावर काढले, त्या बिलाचा हिशेब कधी विचारला नाही आणि भावकीतल्या कोणी टोमणा मारला तर ‘तिच्या कष्टाचे तिला’ एवढे म्हणून विषय संपवला. माझ्या अकरावीची पुस्तके त्याच खात्यातून आली होती ना, आई?

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. सकाळ-संध्याकाळच्या धारेने त्यांना दावणीलाच बांधून ठेवले होते. कोणत्याही लग्नात ते मुक्कामाला राहिले नाहीत. माझ्या लग्नातही अक्षता पडल्या, पंगतीत दोन घास खाल्ले आणि संध्याकाळच्या धारेला परतले. मला त्याचा राग कधी आला नाही. पण आई, तीच धार तुझ्याही गळ्यात पडली. माहेरी गेलीस तरी तू दिवेलागणीला परत येतेस, आणि पुण्याला तू माझ्याकडे राहिलीस ती माझ्या बाळंतपणात, तीही जीव गोठ्यात ठेवून.

आता बाबांचे. एक म्हैस दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते, म्हणजे दोघींचे मिळून चाळीस ते पन्नास किलो रोज उचलायचे, शिवाय तीस किलोच्या आसपास हिरवी वैरण प्रत्येकीपुढे टाकायची आणि दोन वेळा उकिडवे बसून धार काढायची. डॉक्टरांनी ज्या गुडघ्यांना मांडी घालायलाही मनाई केली आहे त्या गुडघ्यांवर हे सारे चालले आहे. श्रावणात ओल्या फरशीवर पाय घसरला ते तुम्ही मला कळवले नाही; आईच्या तोंडून अनवधानाने निघून गेले म्हणून कळले. आणि पुराचे तर बोलायलाच नको. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढू लागले तेव्हा आबांनी रात्रीतच दावी सोडली आणि म्हशी चालवत जयसिंगपूरच्या बाजूला नेल्या. माणसांसाठी खोली मिळत असताना ते जनावरांजवळच पोत्यावर झोपले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झाले, पण तेव्हा त्यांच्या पुढे तुम्ही होतात आणि धाकटाही गावी होता. पुढच्या खेपेला गुडघाभर पाण्यातून तुम्ही एकटे दोन म्हशी ओढत असाल, या विचाराने पावसाळाभर मला नीट झोप लागत नाही.

1972 च्या दुष्काळात जतकडच्या पाहुण्यांची जनावरे पाऊस होईपर्यंत आपल्या गोठ्यात होती, हे आबा किती वेळा सांगत! पाहुणे जनावरे सोडून जाताना रडत होते आणि आबा त्यांना म्हणाले होते, की दावण कोणाची हे पाहू नका, गव्हाणीत वैरण आहे की नाही ते पाहा. मी त्या एका वाक्यावर हे सारे ठरवले आहे. दादाची दावण आबांनीच लावून दिलेली आहे, त्याचा गोठा उंचावर आहे, उसाचे वाडे आणि कुट्टीचे यंत्र घरचे आहे आणि त्याची मुले मुठीनेच धार काढतात. मी गणपतीत आले होते तेव्हा मुद्दाम पाहून घेतले.

तुमचे काही अडणार नाही. दादा रोज सकाळी दीड लिटर दूध घरपोच देईल, म्हणजे चहा, दही आणि आठवड्याचे तूप निघेल. ते आपल्याच म्हशींचे असेल आणि त्याचे पैसे दादाला परस्पर मिळतील, त्यात तुम्ही पडू नका. गोबर गॅस बंद पडेल म्हणून दुसऱ्या सिलिंडरची नोंदणी केली आहे. परड्यातल्या भाजीला शेणखताची ट्रॉली उन्हाळ्यात तोच टाकून जाईल. बाबांनी सकाळी फिरायला म्हणून त्याच्या गोठ्यापर्यंत जावे, खुर्ची टाकून बसावे आणि नजर ठेवावी. म्हशीचा माज मुका असतो, त्यातून मोरीचा तर रात्रीच येतो, आणि तो दादाला ओळखता येत नाही हे तो स्वतःच म्हणतो. तुम्ही सांगितलेत तर वेत वाया जाणार नाही. मात्र बसायचे खुर्चीवर, धारेला नाही, आणि पाटी उचलायला तर मुळीच नाही. हे दादाच्या मुलांनाही बजावून ठेवले आहे, तेव्हा लपवाछपवी चालणार नाही.

रक्तदाबाची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची. संपत आली की आईने मला कळवायचे, संपल्यावर नव्हे. मार्गशीर्षातले उद्यापन झाले की दोघांनी पुण्याला यायचे आणि निदान संक्रांतीपर्यंत राहायचे. तळमजल्याची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, पलंग उंच घेतला आहे, आणि दत्ताचे देऊळ चालत जाण्याइतके जवळ आहे. आबांचे पासबुक आणि ते काळे फडके येताना बरोबर आणा, ट्रंकेत ठेवून कसर लागू देऊ नका.

सरकी पेंडीची दोन पोती उरली आहेत ती कोणाला देऊन टाकू नका, चांदी आणि मोरीबरोबरच जाऊ द्या. गोठाही बदलला आणि खुराकही एकदम बदलला तर दूध तुटेल, तेव्हा दादाला सांगून आठवडाभर जुनी पेंड चालू ठेवा आणि नवी थोडी थोडी मिसळायला लावा. मोरी अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही, म्हणून पहिले दोन दिवस धारेच्या वेळी आईने तिच्या तोंडाशी उभे राहावे. तेवढ्याला माझी हरकत नाही.

तुमची,
ताई