मांडीचं मांस मानेला काऊन लावतात

प्रिय गज्या,

काल काकू फोनवर रडत होत्या, "गाठ मानेत अन् मांडी काऊन कापून राहिले" म्हणे. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहून राहिलो, त्यांना वाचून दाखव.

काकांची गाठ कातडीत शिरली आहे, मंग गाठीसोबत वरची कातडीही जाणार, अन् खाली मेंदूला रक्त नेणारी मोठी नस उघडी पडते. तिच्यावर नुसती पातळ कातडी चिकटवून भागत नाही, ती खालच्या जागेच्या रक्तावर जगते अन् शेक (रेडिएशन) घेतलेल्या जागेत रक्त आधीच कमी. म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड तुकडा त्याच्या स्वतःच्या नसांसकट काढतात, अन् मायक्रोस्कोपखाली त्या नसा मानेतल्या नसांना शिवतात, एक रक्त आणणारी, एक परत नेणारी. नस दोन-तीन मिलिमीटरची, धागा केसाहून बारीक! मेलबर्नला 1973 मध्येच नसांसकट असा तुकडा लावला होता, आता आपल्या नागपूरलेही होते. चालणं बंद होत नाही, हे काकूंना दोनदा सांग. मांडीचे केस मात्र मानेवर उगवतात, तेव्हा दचकू नका.

आमच्या मोठेबाबांची गाठ छातीत होती, फासळ्या काढाव्या लागल्या, तिथं जाळी अन् हाडाचं सिमेंट बसवून वरून पाठीचा स्नायू फिरवला, नाहीतर श्वास घेताना छाती आत ओढली जाते. ते आज वावरात जातात बे.

खरी कसोटी ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांची. नर्स तासातासाला तुकडा पाहते, गरम आहे का, रंग कसा आहे. निळा पडला तर रक्त परत जाऊन नाही राहिलं, पांढरा पडला तर आत येऊन नाही राहिलं, अन् लगेच परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागते, वेळेत नेलं तर वाचतो. तुला फरक वाटला तर रात्री दोनलाही उठव, लाजू नको. मान वळू देऊ नको, गळ्याभोवती काही घट्ट बांधू नको.

अन् खर्रा! तंबाखूनं नसा आकसतात गज्या. काकांचा आजपासूनच बंद, ऑपरेशन पोळ्यानंतर आहे, तेवढे आठवडे मिळतात ते वाया घालू नको. भेटायला येणारा कोणी प्रेमानं पुडी देईल, त्याला दारातूनच परत पाठव, मग तो मामा असो का सरपंच.

फुले योजनेसाठी रेशन कार्ड अन् आधार घे. पहिल्या रात्री मी बसतो काकांजवळ, तू झोप काढ. पक्की तारीख कळव, सोयाबीनचं मी घरी पाहायला लावतो.

तुझा,
विन्या