विषय: अ‍ॅकॅडमिक इंग्लिश सांगून भलतंच शिकवल्याबद्दल, फी परत हवी

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या सपोर्टवाल्या मॅडमचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. तुमच्या इंग्लिशच्या कोर्सबद्दल लिहितेय, मी तो फी भरून केला. जाहिरातीत 'कॉलेज विद्यार्थ्यांसाठी, विषयानुसार अ‍ॅकॅडमिक इंग्लिश' होतं म्हणून पैसे भरले. लेव्हल टेस्टच्या आधी फॉर्म भरून घेतलात, त्यात इंग्लिश कशासाठी पाहिजे हे विचारलेलं, आणि मी नीट लिहिलं होतं की एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, प्रोजेक्ट हळदीच्या कंदकुजीवर आहे, पेपर वाचायचेत, डेझर्टेशन लिहायचंय, सेमिनार द्यायचाय आणि लेक्चर ऐकता ऐकता नोट्स काढायला जमत नाहीत. आणि शिकवलं काय, तर हॉटेलची रूम बुक करणं, एअरपोर्टवरचं चेक-इन आणि बॉसकडं रजा मागणं. माझ्या बॅचमध्ये सेल्सची नोकरी करणारे, बीकॉमची पोरं, मी, सगळे एकाच पुस्तकावर. मग तो फॉर्म भरून घेतला कशाला?

आजच्या फोनचं तर सांगायलाच पाहिजे. मी मॅडमना शांतपणे म्हटलं, मला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा थोडक्यात सारांश, कसा लिहायचा ते शिकवा, प्रयोग कसा केला ते सांगणाऱ्या मेथड्सच्या भागात पॅसिव्ह व्हॉइस कसा वापरायचा, डिस्कशनमध्ये 'सिद्ध झालं' न म्हणता 'असं दिसतंय' हे सावधपणे कसं मांडायचं. त्या गप्प. मग विचारतात, "तुमचं स्कूलिंग कुठल्या मीडियमचं?" मी म्हटलं दहावीपर्यंत मराठी. तर म्हणे, "मग बरोबर आहे, मराठी मीडियमवाल्यांनी आधी हाय-हॅलो क्लिअर करावं, रिसर्च वगैरे नंतरचं." मी सांगितलं मॅडम, अकरावीपासून सायन्स इंग्लिशमध्येच शिकलेय, बीएस्सीचे सगळे पेपर इंग्लिशमध्ये लिहिलेत, मला हाय-हॅलो येतं. त्यावर होल्डवर टाकलं, ती ट्यून वाजत राहिली, आणि परत येऊन म्हणाल्या, "बेसिक बॅच रिपीट करता का, डिस्काउंट देते." म्हणजे जे नको होतं तेच परत, वर पैसे द्यायचे! तासगाव, कवठेमहांकाळकडून एसटीनं सांगलीला येऊन शिकणाऱ्या किती पोरींना हे असं ऐकवलं असेल तुम्ही?

आणि हे काही जगावेगळं मागत नाहीये मी. आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेतसुद्धा अ‍ॅकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग वेगळं असतं, एकात ग्राफ-चार्टचं वर्णन लिहायचं, दुसऱ्यात पत्र. अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड या भाषा अभ्यासक बाईंनी 2000 साली अ‍ॅकॅडमिक लिखाणातून 570 शब्दगटांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक गट) यादी काढली, ती नेटवर फुकट आहे, एवढी फी घेऊन तुमच्या एकाही तासाला ती निघाली नाही. फॉर्ममध्ये विषय लिहून दिला होता, परत सांगते, लिहून दिला होता. तो कुणी वाचलाच नाही.

माझ्या दोन मैत्रिणींना मीच तुमचं नाव सांगणार होते. आता अख्ख्या डिपार्टमेंटला सांगेन काय झालं ते.

पूर्ण फी पंधरा दिवसांत खात्यावर जमा करा. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथंच केस करता येते, तुमचं हेड ऑफिस कुठंही असू दे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फॉर्मची कॉपी आणि पावती माझ्याकडं आहे. आणि आता फोन नको, उत्तर लेखी पाठवा.

एक विद्यार्थिनी, एमएस्सी भाग 2
सांगली