तबल्याच्या गोल्ड बॅजबद्दल तक्रार

नमस्कार टीम,

तुमच्या तबल्याच्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मी जूनमध्ये घेतलं, ४,८०० रुपये एकदम भरले, आणि आता डिसेंबरमध्ये हा मेल करतेय कारण माझ्या १० वर्षांच्या मुलीला तुम्ही जो गोल्ड बॅज दिलाय तेवढं तिला येतच नाही.

गेल्या रविवारी गंधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षेला बसवायचं म्हणून तिला जवळच्या क्लासला नेलं. पोरीने आनंदाने सरांना मोबाईलवर बॅज दाखवला. सर म्हणाले छान, आता हातावर टाळ्या देत त्रिताल म्हणून दाखव. पहिल्या मात्रेला (ठोक्याला) टाळी, पाचवीला टाळी, आणि नवव्या मात्रेला 'खाली' असते, म्हणजे टाळी द्यायची नसते, तिथेही तिने टाळीच दिली. वाजवायला बसली तर 'धा तिं तिं ता' या बोलांच्या जागी पण 'धा धिं धिं धा'च वाजवलं, दुगुनला, म्हणजे दुप्पट लयीत, तालाच्या दुसऱ्याच आवर्तनात (फेरीत) लय सुटली. सर रागावले नाहीत, आपण प्रारंभिकपासून, म्हणजे पहिल्या परीक्षेपासून, सुरू करू म्हणाले, पण रिक्षात ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि दारात आल्यावर म्हणाली, आई, तो बॅज काढून टाक.

मग मी अ‍ॅपमध्ये नीट बघितलं. ब्राँझ १० व्हिडिओंना, सिल्व्हर २५ ला, गोल्ड ४० व्हिडिओ आणि सलग ३० दिवस लॉगिन केलं की. सहा महिन्यांत तिचं वाजवणं एकदाही कुणी ऐकलेलं नाही!! याला लेव्हल कसं म्हणायचं, ही तर हजेरी झाली.

आपल्याकडे प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला कुठले ताल, काय वाजवायचं ते अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं आणि परीक्षक समोर बसून ऐकतात. स्काऊटमध्येसुद्धा प्रथम सोपानाची कामं करून दाखवल्याशिवाय द्वितीय सोपान मिळत नाही.

बॅज बंद करा असं मी म्हणत नाहीये. त्यांच्यामुळेच ती रोज तबल्यावर बसायची, लहान मुलांना पहिली पायरी सोपी हवीच. पण ब्राँझला त्रिताल हातावर टाळी-खालीसकट आणि ठायीत (साध्या लयीत) ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, सिल्व्हरला तोच दुगुनीत आणि सोबत झपताल हा दुसरा ताल, गोल्डला एक कायदा (ठरावीक बोलांची रचना), त्याचे चार पलटे (तेच बोल फिरवून केलेले प्रकार) आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नीट येणारी तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा), असं काहीतरी स्पष्ट लिहा ना, म्हणजे मूल आणि पालक दोघांना कळेल. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवा, शिक्षकाने ऐकावं, चुकलं तर कुठल्या मात्रेला चुकलं ते सांगावं आणि परत पाठवू द्यावं. रोज लॉगिन करण्याचं कौतुक वेगळं ठेवा, त्याला हजेरीच म्हणा.

उरलेल्या सहा महिन्यांचे २,४०० रुपये मला परत हवेत, ऑर्डर याच मेल आयडीवर आहे. आणि तिच्या प्रोफाईलवरचा गोल्ड बॅज तुमच्याकडून काढा, मला सेटिंगमध्ये तो ऑप्शन सापडला नाही, ती रोज विचारतेय.

एक पालक, पुणे